कर्करोगग्रस्त मूल, काविळीची लस आणि बाजारपेठ



लहान मुलांच्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, आणि तो प्रामुख्याने दोन ते पाच वर्षांच्या वयात उद्भवतो. एके काळी हे निदान म्हणजे मृत्यूची नोटीसच होती. आता तशी स्थिती राहिलेली नाही. श्रीमंत देशांत अशा शंभर मुलांपैकी नव्वदांच्या आसपास मुले वाचतात. आपल्या देशातही परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८४ पासून, आणि पुढे दिल्ली व चेन्नई येथे, 'एमसीपी-८४१' या नावाने ओळखली जाणारी एकच उपचारपद्धती काटेकोरपणे राबवण्यात आली. पूर्वी जेथे फार थोडी मुले हाती लागत, तेथे निम्म्याच्या आसपास वा त्याहून अधिक मुले वाचू लागली. वैद्यकशास्त्राचे हे यश थोर आहे, आणि ते बव्हंशी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी मिळवले आहे, याचाही विसर पडू नये.

परंतु या यशाला एक काळी किनार आहे. कर्करोगातून वाचू पाहणाऱ्या मुलांना उपचारांच्याच मार्गाने दुसरा रोग जडत आला आहे. तो म्हणजे 'ब' प्रकारची कावीळ. तिच्यावर परिणामकारक लस १९८१ पासून उपलब्ध आहे. मग लस असूनही ही मुले उघडी का पडली, या प्रश्नाचे अर्धे उत्तर वैद्यकात सापडते आणि उरलेले अर्थव्यवस्थेत.

या दोन रोगांचे नाते विषाणूच्या शोधाइतकेच जुने आहे. बरूच ब्लूमबर्ग हे अमेरिकी शास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या प्रारंभी निरनिराळ्या लोकसमूहांच्या रक्तातील आनुवंशिक फरक अभ्यासत होते. त्यांनी अशा रुग्णांचे रक्तद्रव हाताशी घेतले होते, की ज्यांना अनेकवार दुसऱ्यांचे रक्त चढवले गेले होते. अशाच एका रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तद्रवाशी प्रक्रिया झाली, आणि एक नवीन प्रथिन दृष्टीस पडले. 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' हे नाव त्याला त्यामुळे मिळाले. धडधाकट अमेरिकी माणसांत ते क्वचितच सापडे. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत मात्र वरचेवर सापडे. तेव्हा ते कर्करोगाकडे असलेल्या आनुवंशिक कलाचे चिन्ह असावे, असा तर्क प्रथम करण्यात आला. तो चुकीचा ठरला. ते चिन्ह काविळीच्या विषाणूचे होते. कर्करोगाच्या रुग्णांत ते अधिक आढळे, कारण त्यांना वारंवार रक्त दिले जात होते आणि आत शिरलेला विषाणू हुसकून लावण्याची ताकद त्यांच्या शरीरात उरलेली नव्हती. या शोधासाठी ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या रुग्णांच्या रक्ताने हा विषाणू ओळखता आला, त्यांनाच त्याच्यापासून वाचवणे सर्वांत कठीण, असा हा उलटा न्याय आहे.

समजा, लातूर जिल्ह्यातील एका शेतमजुराच्या चार वर्षांच्या मुलाला ताप येऊ लागला. मूल फिकट पडले, अंगावर निळे डाग दिसू लागले. गावच्या डॉक्टरने सुई दिली, आठवड्याने दुसऱ्याने दिली. (सुई टोचल्याखेरीज औषध लागू पडत नाही, ही समजूत रुग्णाची आणि ती जोपासण्यात फायदा डॉक्टरचा.) पुढे तालुक्याच्या गावी सलाईन, जिल्ह्याच्या ठिकाणी रक्ताची पिशवी आणि निदान होताच मुंबईचा रस्ता. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर भाग्य. नाही तर रुग्णालयाजवळच्या पदपथावर बिछाना. येथवर येईतो त्या मुलाच्या शरीरात किती सुया गेल्या, त्यांतील किती नव्या होत्या, याची मोजदाद कोणाकडेच नसते. कर्करोगाचा उपचार तर अजून सुरूच व्हायचा असतो.

हा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो. शिरेतून औषधे, पाठीच्या मणक्यांतून औषधे आणि दर काही दिवसांनी तपासणीसाठी रक्त. औषधांनी अस्थिमज्जा दबली, की लाल पेशी आणि प्लेटलेट चढवाव्या लागतात. प्लेटलेट एका वेळी चार-सहा निरनिराळ्या दात्यांच्या पिशव्यांतून येऊ शकतात. प्रत्येक पिशवी तपासलेली असते हे खरे. पण लागण झाल्यापासून तपासणीत ती दिसू लागेपर्यंत मध्ये काही आठवडे जातात, आणि त्या काळात रक्त देणारा निरोगी ठरतो. हा काळ पुष्कळ आखूड करणारी, विषाणूच्या जनुकद्रव्याचाच शोध घेणारी चाचणी मोठ्या रक्तपेढ्यांतून होते. सर्वत्र होत नाही. शिवाय केवळ रक्तच दोषी असते असे नव्हे. एकाच कुपीतून अनेक मुलांना औषध काढले जाते, एखादी परिचारिका चाळीस मुलांमागे धावत असते, हातमोजे पुरवून वापरावे लागतात. 'ब' काविळीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो, आणि सुईच्या टोकावरून तो एचआयव्हीपेक्षा कितीतरी पटींनी सहज संक्रमित होतो. दाटीवाटीच्या कक्षात त्याला वाट शोधावी लागत नाही.

रोग जडल्यावर काय होते, हेही समजून घेतले पाहिजे; सर्वसामान्य काविळीहून ते निराळे असते. हा विषाणू यकृताच्या पेशींत शिरून वाढतो, परंतु पेशींचा नाश मुख्यतः शरीराची प्रतिकारयंत्रणा करते, कारण ती लागण झालेल्या पेशींवर तुटून पडते. कर्करोगाच्या औषधांनी ही यंत्रणा झोपवलेली असते. म्हणून विषाणू मुकाट्याने अमाप वाढतो. मूल पिवळे पडत नाही, कोणाला शंका येत नाही. औषधांचा जोर ओसरतो तेव्हा यंत्रणा जागी होते आणि यकृतावर एकदम हल्ला चढवते. एखादे मूल त्यातच दगावते. एरवी कर्करोगाची औषधे थांबवावी लागतात, कारण ती पचवण्याचे काम यकृतालाच करावे लागते. औषधे थांबली की मूळ रोग उलटण्याचा संभव वाढतो. आणि यांतून जे मूल तरते, ते बहुधा जन्मभराचा वाहक होते. धडधाकट प्रौढ माणसास लागण झाली तर शंभरांत पाचांहून कमी जण वाहक राहतात. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण पंचवीस ते पन्नासपर्यंत जाते. प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलात ते याहूनही चढे असते. विसाव्या-तिसाव्या वर्षी यकृत आकसणे अथवा यकृताचा कर्करोग, असे ते ऋण पुढे केव्हातरी फेडावे लागते. विषाणूला दाबून ठेवणारी औषधे आता आहेत, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती विनामूल्य मिळण्याची तरतूदही आहे. ती बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

आता लसीकडे वळू. ही जिवंत विषाणूची लस नव्हे. विषाणूच्या बाह्य आवरणातील एक प्रथिन तेवढे तीत असते, त्यामुळे दुर्बळ मुलालाही तिच्यापासून अपाय होत नाही. अडचण अपायाची नाही, उपयोगाची आहे. लस शरीराला फक्त शत्रूचे चित्र दाखवते. शस्त्रे घडवायची ती शरीराने. ज्या मुलाच्या शस्त्रशाळेलाच औषधांनी टाळे ठोकले आहे, त्याला चित्र दाखवून काय होणार? निरोगी अर्भकांत तीन मात्रांनी शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास बालकांना संरक्षण मिळते. तीव्र उपचारांच्या काळात दिलेल्या लसीला मात्र बहुसंख्य मुलांची शरीरे पुरेसा प्रतिसादच देत नाहीत. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९८ ते २००२ या काळात या प्रश्नावर एकापाठोपाठ एक अभ्यास प्रसिद्ध केले. आधी लस, मग मात्रा वाढवून व जवळजवळ देऊन लस, मग लसीच्या जोडीला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, असा तो क्रम होता. या क्रमातच त्यांच्यापुढची अडचण वाचता येते. तयार प्रतिपिंडे तात्काळ काम करतात, पण ती काही आठवड्यांत विरून जातात, पुन्हा द्यावी लागतात आणि महाग असतात. औषधांचा जोर कमी असलेल्या नंतरच्या टप्प्यात लसीला प्रतिसाद काहीसा बरा मिळतो. परंतु संसर्गाचा धोका सर्वाधिक असतो तो आधीच्या टप्प्यात.

येथे एक आर्थिक विसंगती उभी राहते, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. गरज आणि मागणी या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ज्या गरजेमागे पैसा असतो, तिला बाजार मागणी म्हणतो. गरिबाची गरज बाजाराला ऐकू येत नाही, ही टीका जुनी आहे व खरी आहे. पण या लसीच्या बाबतीत विसंगती त्याहून खोल जाते. येथे पैसा असूनही बाजार चुकतो. लस सर्वाधिक उपयोगी असते जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत व पुढच्या काही महिन्यांत. त्या वेळी आईबापांना कर्करोगाची कल्पनाही नसते, म्हणून त्या संदर्भात मागणी शून्य. निदान झाल्यावर आईबाप घरदार विकून लस आणायला तयार होतात. त्या वेळी उपयोग जवळजवळ शून्य. उपयोग उतरतो तशी मागणी चढते. ज्या वस्तूच्या बाबतीत हे दोन आलेख असे परस्परविरुद्ध धावतात, तिचे वाटप किमतीवर सोपवणे हे केवळ अन्यायाचे नव्हे, निर्बुद्धपणाचेही आहे.

तरीही ते बरीच वर्षे किमतीवरच सोपवलेले होते. १९८१ साली अमेरिकेत परवाना मिळालेली पहिली लस वाहकांच्या रक्तद्रवापासून बनवलेली होती व तिच्या तीन मात्रांची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. १९८६ साली जनुकीय तंत्राने यीस्टमध्ये बनवलेली लस आली. तीही दरिद्री देशांच्या आवाक्याबाहेरच राहिली. तैवानने मात्र १९८४ सालीच वाहक मातांच्या नवजात बालकांपासून आरंभ करून दोन वर्षांत सर्वच नवजात बालकांना लस देण्याचे सरकारी धोरण स्वीकारले. १९९७ साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले, की सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर, म्हणजे जवळपास निम्म्यावर आले आहे. कर्करोगाला लसीने आळा घातल्याचा हा पहिला पुरावा होय. जागतिक आरोग्य परिषदेने १९९२ साली सर्व देशांना, १९९७ पर्यंत ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणा, असे सांगितले होते.

भारतात त्या सुमारास आयात लसीच्या एका मात्रेला कित्येक शे रुपये पडत. ही कोंडी हैदराबादेत फुटली. वरप्रसाद रेड्डी या अभियंत्याने स्थापन केलेल्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ च्या ऑगस्टमध्ये देशी जनुकीय लस बाजारात आणली, ती मात्रेला पन्नास रुपयांच्या आसपास. पाठोपाठ भारत बायोटेक आली, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही आली, आणि किंमत खाली येत राहिली. ही कथा खाजगी उद्योजकाच्या साहसाची म्हणून सांगितली जाते. साहस होतेच. परंतु त्या कंपनीचे प्रारंभीचे काम उस्मानिया विद्यापीठात व हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात झाले, आणि तिला केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळाचे कर्जसाहाय्य मिळाले, हा कथेचा भाग सहसा गाळला जातो. २००९ साली ही कंपनी फ्रेंच बहुराष्ट्रीय कंपनीच्या ताब्यात गेली, हाही तिचा उत्तरार्ध आहे.

किंमत उतरली, म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र झाले नाही. स्वस्त झालेली लस प्रथम कोठे पोचली? शहरांतील गृहनिर्माण संस्थांत, शाळांत, कचेऱ्यांत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात लसीकरण शिबिरांचे पेवच फुटले. एड्सहून भयंकर रोग, असा धाक घालून प्रौढांना रांगेत उभे केले गेले; ज्यांना धोका अल्प त्यांना लस, ज्यांना अधिक त्यांचा पत्ता नाही. पुण्याचे डॉ. अनंत फडके व त्यांचे सहकारी यांनी या शिबिरबाजीवर त्या वेळी कठोर टीका केली आणि वाहकांचे प्रमाण फुगवून सांगितले जात असल्याचे प्रतिपादन केले. ती टीका आवश्यक होती. लोकांच्या भीतीचा व्यापार होत असताना तो व्यापार आहे, असे म्हणणारे डॉक्टर थोडेच असतात.

या वादातून एक पर्याय पुढे आला, तो निवडक लसीकरणाचा. गरोदर स्त्रियांची तपासणी करावी आणि वाहक मातांच्या बालकांनाच लस द्यावी, म्हणजे थोड्या पैशांत बराचसा धोका टळेल, असा त्याचा आशय होता. सरासरीच्या हिशेबात तो बिनतोड भासतो. पण या हिशेबात रक्ताच्या कर्करोगाचे मूल बसत नाही. देशात दरवर्षी अडीच कोटींच्या आसपास मुले जन्मतात. कर्करोग होतो काही दहा हजारांना. कोणाला होणार, हे जन्मवेळी सांगणारी कसोटी नाही. त्याची आई वाहक नसते, त्याच्या घरी कोणाला कावीळ नसते. धोका त्याला चार वर्षांनी रुग्णालयात भेटायचा असतो. ज्यांची निवड आधी करताच येत नाही, त्यांचे संरक्षण निवडीने होऊ शकत नाही. सर्वांना द्यावी तेव्हाच ती त्यांना पोचते. थॅलसेमियाची मुले, रक्त गोठत नाही अशी मुले, मूत्रपिंडे निकामी झालेली मुले यांनाही हाच न्याय लागू आहे. मोजक्या साधनांची काळजी करणाऱ्या प्रामाणिक माणसांचेही या ठिकाणी गणित चुकले, असे म्हणणे भाग आहे. सरासरी हे उपयुक्त साधन आहे, पण ज्याच्यावर आपत्ती कोसळते तो सरासरीत राहत नाही.

सरकारने २००२-०३ मध्ये काही शहरांत व जिल्ह्यांत प्रायोगिक आरंभ केला, २००७-०८ मध्ये दहा राज्ये घेतली आणि २०११ मध्ये सारा देश. तैवाननंतर पाव शतकाने, आणि स्वस्त देशी लस हाती आल्यानंतरही चौदा वर्षांनी! त्या चौदा वर्षांत जन्मून पुढे कर्करोगाच्या कक्षांत दाखल झालेल्या मुलांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात नाही. आता जन्मतः एक मात्रा आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पंचगुणी लसीतून आणखी तीन, असा क्रम आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभरांतील ऐंशीहून अधिक बालकांना तिन्ही मात्रा मिळाल्या. उरलेली कोणाची मुले असतील, हे सांगायला पाहणीची आवश्यकता नाही. ऊसतोडणीच्या तळावर किंवा वीटभट्टीवर जन्मलेल्या बालकाला पहिल्या चोवीस तासांतील मात्रा कोण देणार, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी अद्याप खुला आहे.

तथापि, लसीवर सारा भार टाकून मोकळे होता येणार नाही. एक तर कर्करोगाची औषधे पूर्वी मिळवलेले संरक्षणही अनेक मुलांत पुसून टाकतात. उपचार संपल्यावर सुमारे सहा महिन्यांनी, शरीर सावरले म्हणजे, प्रतिपिंडे मोजून लस पुन्हा द्यावी लागते. दुसरे असे, की 'क' प्रकारच्या काविळीला लसच नाही. तिची रक्ततपासणी आपल्याकडे २००१ पासून बंधनकारक झाली, आणि तिच्यापासून बचाव केवळ निर्दोष रक्त व निर्दोष सुई यांनीच होतो. धंदेवाईक रक्तविक्रेत्यांवर बंदी आली ती १ जानेवारी १९९८ पासून, आणि तीही 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आदेश दिला म्हणून. पण विक्रेता गेला तरी 'बदली दाता' राहिला. रक्त हवे तर माणूस आणा, असे सांगितले की परगावचा बाप ओळखीपाळखीच्या कोणालाही गळ घालतो, आणि आलेला माणूस भिडेपोटी आपली जुनी कावीळ लपवतो. कोणी पैसे घेऊन नातेवाईक बनून येतो. नियमितपणे स्वेच्छेने रक्त देणारे ओळखीचे दाते हाच यावर उपाय आहे.

या ठिकाणी कार्यकर्त्यांचा संबंध येतो. नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमवण्याची प्रथा सर्वच पक्षांत रूढ झाली आहे. प्लेटलेट पाच दिवसांहून अधिक टिकत नाहीत. वाढदिवसानंतरच्या सहाव्या दिवशी ज्या मुलाला त्या लागतात, त्याला त्या उत्सवाचा काडीइतका उपयोग नसतो. वीस माणसांनी वर्षभरात आळीपाळीने, रक्तपेढीने बोलावल्यावर जाऊन रक्त देणे हे फलकावर मांडता येत नाही, पण उपयोगाचे ते आहे.

आणि उपचार संपवून गावी परतलेल्या मुलाचे काय? त्याच्या कार्डावर लसीच्या जुन्या नोंदी असतात; शरीरात त्यांचा मागमूस उरला आहे की नाही, हे एका रक्तचाचणीने कळते. ती चाचणी आणि नंतरच्या तीन मात्रा यांसाठी त्या शेतमजुराने पुन्हा मुंबईचे तिकीट काढावे, की त्या लातूरच्या रुग्णालयात मिळाव्यात? घरातील इतरांना, विशेषतः भावंडांना, त्याच वेळी लस कोण देणार? जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे अशा परतलेल्या मुलांची यादी आहे काय? हे प्रश्न जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे लेखी विचारता येतात, आणि त्यांची लेखी उत्तरेही मागता येतात.